सांगाव्याआधीचं पाणी

निंबोडे औटपोस्ट
मंगळवार, ३ मार्च १९६४

चौकीच्या डायरीत जे लिहिता येत नाही ते या वहीत लिहितो. आज फौजदारसाहेबांनी पुन्हा माझ्याच गळ्यात घातलं.

"होवाळ, उद्या कुसळेवाडीला जाऊन या. मयताची वर्दी द्यायचीय. तुम्हाला ते जमतं."

जमतं म्हणे! या सालातलं हे पाचवं. चौकीत आणखी चौघे आहेत, त्यांना चोर पकडणं जमतं, जुगार पकडणं जमतं, आणि धोंडिराम होवाळला हे जमतं. का जमतं ते कुणी तोंडानं बोलत नाही, पण मी काही दूधखुळा नाही. माझा बाप सिद्धू होवाळ गावकीचं काम करायचा. बारा वाड्यांत कुठंही माणूस मेलं की सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा द्यायला तोच पळायचा. हातात काठी, पाय अनवाणी. दारापासून लांब उभं राहून सांगायचं, ओंजळीत वरून ओततील ते पाणी प्यायचं आणि माघारी फिरायचं. छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला त्या दिवशी बाबांनी काठी माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "सुटलो." आता त्यांचा मुलगा तेच काम खाकी घालून सायकलवरून करतो.

कागद कटकच्या पोलिसांचा. सोपान गणपत देवकर, वय सव्वीस, राहणार कुसळेवाडी. इकडच्या शेकडो पोरांसारखा गलाईच्या कामाला तिकडं गेलेला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. सोन्याचा कायदा आल्यापासून त्या धंद्याची दैना आहे. पहिलं दुकान बंद पडलं, दुसरीकडं एकटाच राहत होता. तापानं २० फेब्रुवारीला दवाखान्यात वारला. अग्नी तिथल्या पोलिसांनीच दिला. खिशातल्या पोस्टकार्डावरून गाव कळलं.

घरी आई आणि बायको. झोप येईना म्हणून लिहितोय.


बुधवार, ४ मार्च

लिहायचं धाडस होत नाही, पण लिहितो.

साडेबाराला वस्तीवर पोचलो. ऊन असं की बाभळीचीसुद्धा सावली पडलेली नव्हती. सोपानची आई आक्काताई अंगणात हुलगे पाखडत होती. सून भिंत सारवत होती.

"या फौजदार," आक्काताई म्हणाली. खेड्यात टोपी दिसली की तो फौजदारच.

"फौजदार न्हाई आक्का, हवालदार. निंबोड्याचा."

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"होवाळ."

तिचे हात सुपावर थांबले. म्हटलं झालं, आता बस म्हणायची नाही. पण ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"सिद्धूचा ल्योक व्हय रं तू? नाक त्येचंच हाय."

"व्हय."

"माझा बाप गेला तवा त्योच आला हुता सांगावा घिऊन. असलंच ऊन. मी नवी नवरी. सासू बघत हुती, म्हनून हातभर लांबनं वतलं पानी त्येच्या ओंजळीत. निम्मं भुईवर सांडलं. घशाला कोरड पडल्याली त्येच्या, पर आनी दे म्हनला न्हाई. लय वरसं मनात ऱ्हायलंय ते."

उठली, आत गेली. राखेनं तांब्या घासल्याचा आवाज ऐकला मी. माठातलं पाणी भरून आणलं आणि तांब्या सरळ माझ्या हातात दिला.

"घे. तोंड लावून पी."

मी प्यालो. बाबांचंही प्यालो म्हणा ना, इतकं प्यालो. डोळे भरून आले ते टोपी काढायच्या निमित्तानं पुसले. पुस्तकात वाचलेली समता निराळी आणि आपल्या ओठाला लागलेली निराळी.

"आता सांग, काय काम काढलंस?"

 त्या बाईनं तीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आत्ताच फेडली होती. तिचा तांब्या माझ्या हातात, आणि मी म्हणू, तुझा मुलगा मेला?

"सोपानचा कागद आलाय कटकास्नं. सीरियस हाय."

सीरियस म्हणजे काय ते आमच्या मुलखात शेंबड्या पोराला कळतं. तारेत सीरियस आलं की लोक उरलेलं वाचतच नाहीत, रडायला लागतात. मला वाटलं ती समजेल आणि माझी सुटका होईल. सुनेच्या हातातलं पोतेरं थांबलं. रंगू नाव तिचं. पाचेक महिन्यांची असावी.

"शीरेस म्हंजे आमच्यात येकच असतं, ल्येका," आक्काताई म्हणाली. "पर तू पोलीस हायस. सिद्धूचा हायस. गेला असंल तर गेला म्हन. जिता हाय का न्हाई?"

"जिता हाय," मी म्हणालो.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. कागदावर तिचा अंगठा घेतला आणि चौकीच्या डायरीत 'नातेवाइकांस समक्ष कळविले' असं लिहून मोकळा झालो.

येताना सायकल जड चालत होती. वारा नव्हता, चढ नव्हता, तरी मागं कॅरिअरवर जोंधळ्याचं पोतं बांधल्यासारखं वाटत होतं. खोलीवर आलो तर बाबा ओट्यावर बसले होते. दोन वर्षं झाली, त्यांना मोतीबिंदूनं काही दिसत नाही.

"कोन आलंय रं संगट?"

"कुणी नाही बाबा."

"मग त्येला बस म्हन की. उनात का हुबा केलाय?"

म्हातारपण, दुसरं काय.


शनिवार, ७ मार्च

बाबा तीन दिवस ओट्याच्या कडेला सरकून बसतात, कुणाला जागा द्यावी तसे. आज जेवताना मला विचारलं, "कुसळेवाडीला पानी कवा प्यालास? सांगायच्या आदी का मागनं?"

"आधी. पण त्याचं काय?"

त्यांचा घास हातातच राहिला.

"आदी सांगावा, मग पानी. माझ्या बानं मला शिकिवलं, मी तुला शिकिवलं न्हाई, म्हनलं पोराला कशाला लागतंय ते आता. आदी पानी प्यालं की आपुन पावना हुतो. पावन्याला तसलं बोलवत न्हाई. आन् ज्येचा सांगावा घिऊन गेलो त्यो दारातनं माघारी फिरतो आपल्याच संगट."

मी ताडकन उठलो. म्हटलं, बाबा, बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशाला? भुताखेताचं या घरात चालणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. पाहुणा होतो एवढं मात्र खरं बोलले. मी पाहुणाच झालो होतो.


सोमवार, ९ मार्च

सायकल निजामच्या दुकानात टाकली. मागच्या चाकाच्या पाच तारा तुटलेल्या. निजाम हसत सुटला.

"हवालदार, डबलसीट कुनाला नेतासा रोज? लोकास्नी पावत्या फाडता आन् सोता?"

"कुणी नाही बाबा, मी एकटाच असतो."

"मग त्यो येकला लय जड हाय बगा," म्हणाला. तारा चांगल्या बसवल्या. माळाच्या वाटेला खड्डे फार आहेत, तक्रार करायला हवी.


बुधवार, ११ मार्च

बाजारचा दिवस. आक्काताई आणि रंगू पायी सहा मैल चालून चौकीत आल्या. मला वाटलं कळलं, संपलं. तर आक्काताई म्हणाली, "लिवनं तुझं बरं असंल. सोपानला चार वळी लिवून दे."

नाही म्हणायला तोंड होतं का मला? बाकावर बसून कार्ड लिहिलं.

चिरंजीव सोपानास आईचा आशीर्वाद. दुखणं अंगावर काढू नगंस. तुझ्यासाठनं मी मीठ सोडलंय, तू घरात पाऊल टाकलंस की मग खाईन. डाव्या पायाचं कुरूप बरं झालं का? शेरडी याली, दोन पाटी झाल्या.

मग ती सुनेला म्हणाली, "तुला काय म्हनायचंय ते म्हन की, हवालदार काय खातोय व्हय?" रंगू भिंतीकडं तोंड करून बोलली.

"जाताना म्हनाले हुते, बाळासाठनं काय तरी ठिवलंय घरात, सापडलं तर बग. मला घावंना. कुठं ठिवलंय इचारा."

ते लिहिलं. पत्ता लिहिला. टपालात टाकणार कशाला? या वहीतच ठेवलंय.

जाताना रंगू दारात थबकली आणि बाजूनं निघाली, कुणाला वाट द्यावी तशी. दारात कुणी नव्हतं.


शुक्रवार, १३ मार्च

दुपारी जेवायला खोलीवर आलो. बनाबाई, म्हणजे आमची मंडळी, भाकरी थापत होती. बाबा ओट्यावरून आत बघून म्हणाले, "कुरूप बरं हाय म्हनावं. आता पाय दुखत न्हाई."

बनाबाईनं विचारलं, "कुनाचा पाय मामंजी?"

"ह्येचा. आन् ते बाळाचं गोठ्यात हाय म्हनतोय. दावनीच्या वर, आढ्याला. चिंधीत."

बनाबाईचा हात तव्यावर पोळला. मी म्हणालो, मला ओठ हलवत वाचायची सवय आहे, कार्ड मोठ्यानं वाचलं असेन, म्हाताऱ्याच्या कानावर पडलं असेल. ती म्हणाली, "वाचलं असंल. पर जाब कुनी दिला?"

बायकांशी वाद घालू नये.


बुधवार, १८ मार्च

आज ठरवूनच गेलो होतो. कागद खिशात घातला, वाटेत दहा वेळा म्हणून पाहिलं. आक्का, सोपान गेला. आक्का, सोपान गेला. माळावर कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हणालो. कॅरिअर करकर वाजत होतं.

पोचतोय तोच रंगू तांब्या घेऊन पुढं आली. नको म्हणालो. आक्काताई आतून ओरडली, "सिद्धूच्या ल्येकाला न्हाई म्हनू देऊ नगं!" प्यालो. पुन्हा पाहुणा.

"जाब आला का रं?"

माझ्या तोंडून काय निघावं? "गोठ्यात आढ्याला ठेवलंय म्हणे. दावणीच्या वर. चिंधीत."

जीभ झडली असती तर बरं. रंगू अवघडलेल्या अंगानं गोठ्याकडं पळाली. दावणीवर चढून वर चाचपायला लागली. आक्काताई "अगं पडशील, अगं सटवे!" म्हणत मागून. आणि सापडलं. मळक्या चिंधीत काळ्या मण्यांच्या दोन मनगट्या. एवढ्याएवढ्याशा.

रंगू हसली. त्या पोरीला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. आक्काताईनं मनगट्या डोळ्याला लावल्या आणि शेजारच्या रानात ऐकू जाईल अशी ओरडली, "जिता हाय गं माझा ल्योक! जाब धाडलाय त्येनं!" मग माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

 आगीतून उठून फुफाट्यात पडलो. आढ्याला वस्तू ठेवायची सगळ्यांनाच सवय असते. बाबा आयुष्यभर या वाड्यांतून फिरलेत, त्यांना माहीत असणारच. असंच असलं पाहिजे.


शनिवार, २८ मार्च

होळी. आम्ही करत नाही, पण पोळीचा वास सगळीकडून येतोच.

आज बनाबाईशी भांडलो. बाबा रोज अर्धी भाकरी मोडून शेजारी ठेवतात हे मी पाहत होतो. आज बघतो तर तिनं तिथं वेगळी ताटलीच मांडलेली.

"ही कुणाची?"

"असूद्या की."

"तू मानतेस हे?"

"मी कशाला मानतीय? पर मानलं न्हाई म्हनून त्यो उपाशी ऱ्हायला तर?"

ताटली मी उचलून ठेवली. दुपारभर डोकं भणभणत होतं. डावा पाय टेकवत नाही. टाचेजवळ कुरूप झालंय. नवे बूट सरकारनं एक नंबर लहान दिलेत.


बुधवार, ८ एप्रिल

फास आवळत चाललाय. आक्काताई बाजारात भेटली. मीठ सोडल्यानं गालफडं बसलीत, पण डोळे लखलखीत. म्हणाली, पुढच्या गुरुवारी, सोळा तारखेला रंगूचं डोहाळजेवण आहे. साऱ्या वाडीच्या सवाष्णींना सांगितलंय. हिरवी साडी, हिरवा चुडा. तू बायकोला घेऊन ये. आणि ते उरकलं की दुसऱ्या दिवशी दोघी कटकला निघणार, त्याच्या हातात मनगट्या द्यायला. रेल्वेत कसं बसायचं ते मला विचारून ठेवलंय.

म्हणजे गावातल्या पन्नास बायका तिची ओटी भरणार, आणि तिकडं कटकच्या फलाटावर कुणीतरी तिला सांगणार, तुझा नवरा फेब्रुवारीतच गेला. पोटुशी पोर तिथल्या तिथं कोसळेल. आणि मग हिरवा चुडा भरणाऱ्या बायकाच तिला अवदसा म्हणतील. हे सगळं माझ्या एका तांब्याभर भिडेपायी.

सोळाच्या आत सांगितलंच पाहिजे. आठ दिवस आहेत.


शनिवार, ११ एप्रिल

गेलो होतो. निम्म्या वाटेतून परत आलो. डाव्या पायानं पायडल दाबवत नव्हतं. खरं सांगायचं तर पायाचं निमित्त. परतताना मागून कुणी उसासा टाकल्यासारखं वाटलं. चाकाला तेल घालायला पाहिजे.


मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. वस्तीत मिरवणूक, सभा. मलाही चार शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, भूत बाहेर नसतं, भूत माणसाच्या भित्र्या मनात असतं. जोरात टाळ्या पडल्या. पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती, माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. फक्त बाबांच्या शेजारी एका माणसाची जागा सतरंजीवर रिकामी होती. सगळी सभा संपेपर्यंत तिथं कुणी बसलं नाही. मी भाषणभर तिकडंच बघत होतो.

खोलीवर येऊन बाबांपुढं बसलो. म्हटलं, "बाबा, हरलो. सांगावा कसा सांगायचा ते सांगा."

मला वाटलं चार शब्द सुनावतील. सुनावले नाहीत.

"दाराम्होरं हुबं ऱ्हायचं, बसायचं न्हाई. डोसकं उघडं करायचं. नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, गाव घ्यायचं. मग म्हनायचं, गेला. वारला, देवाघरी, शीरेस, कायबी नगं. गेला. आन् मोट्यानं म्हनायचं."

"मोठ्यानं कशाला? माणसं समोरच असतात."

"त्येला ऐकू जावं म्हनून," बाबा म्हणाले. "त्येलाबी कुनी सांगितल्यालं नसतंय."


बुधवार, १५ एप्रिल

सकाळी फौजदारसाहेबांनी बोलावून एक पुडकं पुढं केलं. कटकहून सोपानच्या वस्तू आल्यात, पोचवा म्हणाले. टॉवेल, दाढीचं सामान, वहाणांचा जोड. डावी वहाण टाचेशी एका बाजूनं झिजलेली. ठीक आहे म्हटलं. आज जायचंच होतं.

सायकल नेली नाही. चालत निघालो. सहा मैल लंगडत. सोबत असलेल्याला कॅरिअरवर बसवून न्यायची मला लाज वाटली. हे मी काय लिहितोय ते मला माहीत आहे. खोडत नाही.

बाराच्या सुमाराला वस्ती दिसली. अंगणात उद्याची तयारी. चुलाण लिंपलेलं, केळीचे खुंट आणून टाकलेले. कासारीण सकाळीच येऊन गेली असावी, कारण रंगूच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. आक्काताईनं मला लांबूनच पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती दोन तांबे घेऊन.

मी दारासमोर थांबलो. "दुसरा कुणाला, आक्का?"

"तुझ्या मागं गडी हुबा हाय न्हवं? उनाचं डोळं दिपल्यात माझं, तोंड दिसंना त्येचं. पावनं, या की फुडं."

 मी मागं वळून पाहिलं नाही. टोपी काढली.

"बस की रं. पानी घे."

"न्हाई आक्का. आधी सांगतो."

तिचा हात तसाच पुढं राहिला. मी मोठ्यानं म्हणालो, वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"सोपान. गणपत देवकराचा. कुसळेवाडीचा. गेला."

 शेरडीची पिल्लं ओरडत होती ती थांबली. एक तांब्या आक्काताईच्या हातातून पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. तो माझा होता. दुसरा तिनं घट्ट धरला होता.

"कवा?"

"वीस फेब्रुवारीला. मी पहिल्यांदा आलो त्याच्या आधीच. कागद माझ्या खिशात होता."

मला वाटलं ती छाती पिटेल, मला शिव्या घालेल. मी त्यासाठी तयार होतो, शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. ती माझ्याकडं बघतही नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. मग हळूच म्हणाली,

"म्हंजे दीड म्हैना माझ्या लेकाला दारात उनात हुबा केलास व्हय रं?"

हातातलं पुडकं मी पोटाशी धरलं. 

ती मला ओलांडून दोन पावलं पुढं आली, वाकली आणि तांब्यातलं पाणी मोकळ्या मातीवर ओतलं, प्रवासातून आलेल्याच्या पायावर ओतावं तसं. आधी उजव्या, मग डाव्या. "ये बाबा," म्हणाली. "ये आत. लय दमलास." आणि बाजूला सरून वाट दिली. पाण्याचा ओघळ उंबऱ्याकडं गेला आणि उंबऱ्याच्या आत पुढची जमीन ओली झाली. तिकडं उतार असेल.

तेवढ्यात रंगू उठली.  सरळ जात्याशी गेली आणि चुडा फोडायला दोन्ही हात वर उचलले. आक्काताईनं धावत जाऊन तिची मनगटं धरली.

"आज न्हाई. आज त्यो घरात आलाय. आज ऱ्हाऊ दे."

मग मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तो आवाज लिहिता येत नाही. शेजारची माणसं धावत आली. मी पुडकं ओट्यावर ठेवलं आणि निघालो. मला पाणी कुणी विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही. घसा कोरडा पडला होता. बाबांची ती ओंजळ आठवली, निम्मी सांडलेली.

अर्ध्या माळावर आल्यावर ध्यानात आलं की मी लंगडत नाहीये.

बाबा ओट्याच्या मधोमध बसले होते. माझी पावलं ऐकून म्हणाले, "आज येकलाच आलास." बनाबाईनं पाणी आणलं. मी तिच्यासमोर बसून पोर रडावं तसा रडलो.


गुरुवार, १६ एप्रिल

चौकीच्या डायरीत नवी नोंद केली. 'सोपान देवकर यांचे मयतीबाबत नातेवाइकांस काल कळविले. ४ मार्चची नोंद खोटी आहे.' फौजदारसाहेब म्हणाले, "अहो होवाळ, कशाला ओढवून घेताय? अंगठा आहे, तारीख आहे." मी म्हणालो, अंगठा आहे साहेब, सांगणं नव्हतं. त्यांनी वर रिपोर्ट पाठवलाय. काय व्हायचं ते होवो.

कुसळेवाडीत आज पन्नास बायका जमल्या असतील. ठरलं होतं त्यासाठी नाही.


सोमवार, २० एप्रिल

रिपोर्टाचं काही आलं नाही. कागद मात्र आला. रसूल तांबोळी, कामाला सांगलीत, विश्रामबागेजवळ मालमोटारीनं उडवलं. घर आमच्याच हद्दीत, बोरमाळ्याला. साहेबांनी कागद धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको. मी जातो."

निघताना खोलीवर डोकावलो. बाबांनी चाचपडत माळ्याकडं बोट केलं. "काठी नेतूस?"

"काठी नको बाबा. रीत तेवढी नेतो."

हसले. दात नाहीत, पण हसले.

बोरमाळ्याला रसूलची आई हुसेनबी दारातच कांदे निवडत होती. खाकी बघून उठली, आत गेली, पितळी पेला भरून घेऊन आली. ऊन मरणाचं होतं, माझी जीभ कोरडी ठक्क. पेला काठोकाठ भरलेला, थंडगार, बाहेरून घाम आलेला. तिनं तो माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "घ्या भाऊ, लय लांबनं आलासा."

मी टोपी काढली.

"मावशी, आधी ऐका."